आई उठून आत गेली
आज गुड फ्रायडेची उपासना आटोपून घरी सगळ्यांनी मिळून 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' पाहिला. २००४ चा सिनेमा, संवाद अरामी, हिब्रू आणि लॅटिनमधले.

येशूला चाबकाचे फटके मारण्याचा प्रसंग सुरू झाला आणि आई उठून आत गेली. "माझ्या प्रभूचे असे हाल मला बघवत नाहीत," एवढंच म्हणाली. धाकटा भाऊ मात्र हात जोडून रडत बसला होता. त्याच्यासाठी ती प्रार्थनाच होती.

मला दोघांचंही पटलं. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात फटक्यांची गोष्ट एका ओळीत संपते, पडद्यावर ती संपता संपत नाही. दिग्दर्शक मेल गिब्सन यांनी तिथे हात आवरायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं. इतकं रक्त पाहून मन बधिर होतं, आणि प्रभूची शिकवण मागे पडते.

पण पुढे येशू क्रूसासकट कोसळतो, तेव्हा त्याच्या आईला, मरियेला, तो लहानपणी पडला होता ते आठवतं. ती धावत सुटते. तिथे मला रडू आवरलं नाही. आईला हाक मारून तेवढाच भाग पुन्हा लावला. ती माझा हात धरून बसली, बराच वेळ.