आकडा आणि मजकूर

आज शेतकऱ्यांच्या एक्सेल वर्गात सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एका सेलने, म्हणजे शीटमधल्या एका चौकटीने. उत्पादनाच्या रकान्यात ‘२० क्विंटल’ लिहिलं की शीट त्याला मजकूर समजते. बेरीज करणारं सम (SUM) फंक्शन ते गुपचूप वगळतं आणि बेरीज कमी येते. एकक मथळ्यात, सेलमध्ये नुसता आकडा!

मग ना-नफा-ना-तोटा भाव: एकूण खर्च भागिले उत्पादन. घरच्यांची मजुरी बहुतेक जण शून्य धरतात, म्हणून भाव परवडल्यासारखा वाटतो. खर्च तोच ठेवून उत्पादन २० वरून १६ केलं, तर हा भाव थेट सव्वापट.

माझ्या मते महिनावार जमाखर्चाची शीट आधी शिकवावी. नफा काढणीनंतर दिसतो, बियाण्या-खताचे पैसे मात्र पेरणीलाच लागतात. शिल्लक उणे जाणारा महिना लाल केला, की कर्ज कधी आणि किती लागेल ते तिथेच दिसतं.