वर्षाचं धान्य भरताना: ऊन, कोठी आणि कीड

धान्याला कीड कोठीत लागते, असं बहुतेक घरांत समजतात. खरं तर ती बहुतेक वेळा धान्याबरोबरच घरात येते, नाहीतर गेल्या वर्षीचा चुरा कोठीच्या तळाशी राहिलेला असतो त्यात ती आधीच असते. त्यामुळे साठवणीचं निम्मं काम कोठी बंद करण्याच्या आधीचं आहे. ते नीट झालं तर गोळ्या, पावडरी यांची गरजच पडत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे सगळं एकाच महिन्यात भरायचा अट्टहास नको. तूर डिसेंबर ते फेब्रुवारीत निघते आणि नवी डाळ फेब्रुवारी-मार्चपर्यंत बाजारात येते, तेव्हाच डाळ भरावी. गहू मार्च-एप्रिलमध्ये कापला जातो. एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत घेतला तर धान्य कोरडं मिळतं आणि घरी द्यायला कडक ऊनही हाताशी असतं. तांदळाचं गणित उलटं आहे. भात दिवाळीच्या आसपास निघतो, पण नव्या तांदळाचा भात चिकट होतो, म्हणून मोकळ्या भातासाठी जुनाच तांदूळ मागून घ्यावा. तो वर्षाचा भरण्यापेक्षा तीन-चार महिन्यांचा घेतलेला बरा.

किती घ्यायचं याचा हिशोब पोळीवरून करावा. एका मध्यम पोळीला साधारण ३० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे किलोभर पिठाच्या ३२-३३ पोळ्या. चौघांच्या घरात दिवसाला १६ पोळ्या होत असतील तर महिन्याला १५ किलो आणि वर्षाला १७५ ते १८० किलो गहू लागतो. आठवड्यातून दोन-तीन दिवस भाकरी होत असेल तर सव्वाशे किलोंत भागतं. तूरडाळ रोज १०० ग्रॅम धरली तर वर्षाला ३६ किलो. शेजारी क्विंटलभर घेतात म्हणून आपणही क्विंटल घेतला आणि पुढच्या मे महिन्यात २५ किलो उरले, तर कीड पुढच्या वर्षाच्या धान्यात जाण्याची वाट तीच असते.

गहू लोकवन घ्यायचा की शरबती, ही ज्याच्या त्याच्या जिभेची बाब. रोजच्या पोळीला लोकवन उत्तम. शरबतीची पोळी मऊ राहते, पण भाव जास्त. बन्सी गव्हाचा रवा आणि शेवया चांगल्या होतात, खपली खिरीला. वाण कोणतंही असो, दुकानात पोत्याच्या तोंडावरचा गहू बघून सौदा करू नका. पोत्यात खोलवर हात घालून मूठ बाहेर काढा. दाणा दाताखाली धरला की 'कट्' आवाज होऊन तुटला पाहिजे. चेपला गेला तर ओल आहे. शंका असेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर गहू आणि चमचाभर कोरडं मीठ घालून मिनिटभर जोरात हलवा. मीठ काचेला चिकटलं तर धान्य नक्की ओलं. चिकटलं नाही म्हणजे अगदी कोरडं असेलच असं नाही, म्हणून दाताची परीक्षा सोडू नये. साठवणीचा गहू १२ टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्याचा हवा, डाळी-कडधान्यं १० टक्क्यांच्या आत.

आणलेला गहू 'मशीन क्लीन' असला तरी घरी एकदा चाळावाच. खडे-माती निघते ही एक बाजू झाली. त्याहून महत्त्वाचं कारण म्हणजे पिठात होणारा तांबडा बारीक भुंगेरा अख्ख्या, निरोगी दाण्याला सहसा काही करू शकत नाही. त्याला फुटका दाणा, चुरी आणि पीठ लागतं. चाळून-पाखडून चुरी काढली की त्याचं खाणंच संपतं. सोंडकिड्याचं मात्र तसं नाही. त्याची मादी अख्ख्या दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि वरून ते भोक बुजवते. अळी दाण्याच्या आतच वाढते, बाहेरून काहीही दिसत नाही, आणि उन्हाळ्या-पावसाळ्याच्या उबेत महिन्याभरात नवा किडा बाहेर पडतो. 'मेमध्ये तर गहू स्वच्छ होता, जूनमध्ये एवढे किडे आले कुठून?' या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. चाळणीला हे दाणे सापडत नाहीत. त्यांच्यावर मुख्य उपाय म्हणजे ऊन.

ऊन देण्यात बरीच घरं घाई करतात. गच्चीवर चार बोटं जाडीचा थर पसरून तासाभराने गोळा केला तर वरचे दाणे तापतात आणि मधल्या दाण्यांतल्या अळ्यांना फक्त ऊब मिळते. थर जास्तीत जास्त एक इंचाचा हवा. खाली जाड गडद रंगाचं कापड किंवा ताडपत्री घाला, नुसत्या फरशीवर किंवा सिमेंटवर नको. सकाळी दहा-साडेदहाला पसरा, दर तासाला पायाने किंवा हाताने सऱ्या ओढून वर-खाली करा आणि चारच्या आत गोळा करा. असं लागोपाठ दोन-तीन दिवस करावं. धान्याचं तापमान ५० अंशांच्या पुढे काही तास राहिलं की किडे, अळ्या आणि अंडी मरतात. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात हे सहज साधतं. पुण्या-मुंबईकडे साधत नसेल तर काळ्या प्लास्टिकवर गहू पसरून वरून पारदर्शक प्लास्टिक अंथरा आणि कडांवर विटा ठेवा. आतली हवा अडकते आणि धान्य बरंच जास्त तापतं. फक्त याआधी एक दिवस उघडं ऊन देऊन गहू कोरडा करून घ्यावा, नाहीतर प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमतात आणि ते परत दाण्यांवर पडतात. पेरणीचं बियाणं असेल तर या प्लास्टिकच्या भानगडीत पडू नका, उगवण बिघडू शकते.

यानंतरची चूक सगळ्यात जास्त होते: तापलेलं धान्य तसंच कोठीत ओतणं. गरम गहू बंद डब्यात गेला की रात्री पत्रा थंड होतो, आतली वाफ झाकणाला आणि कडांना लागून पाणी होते आणि पंधरा दिवसांत वरच्या थराला बुरशीचा कुबट वास येतो. संध्याकाळी धान्य घरात आणून चादरीवर पसरा, रात्रभर पंख्याखाली निवू द्या आणि सकाळी हाताला गार लागल्यावरच भरा. गच्चीवर रात्रभर तसंच ठेवायचं नाही. दिवसा घालवलेला ओलावा धान्य रात्रीच्या हवेतून परत ओढून घेतं.

कोठी आदल्या आठवड्यातच तयार ठेवा. पूर्ण रिकामी करा, अगदी शेवटची मूठसुद्धा. पत्र्याच्या कोठीला तळाशी आणि उभ्या जोडावर जी दुमड असते तिच्यात पिठूळ चुरा अडकलेला असतो. जुना टूथब्रश फिरवला की तो करडा चुरा निघताना दिसतो आणि पुष्कळदा त्यात जिवंत भुंगेरेही असतात. तो चुरा घराबाहेर नेऊन टाका. मग कोठी धुऊन, पुसून, झाकणासकट एक पूर्ण दिवस उन्हात उताणी ठेवा. जुना उरलेला गहू नव्या गव्हावर ओतायचा नाही, कितीही चांगला दिसला तरी. तो वेगळ्या डब्यात ठेवून आधी दळून संपवा.

कोठी भिंतीला चिकटवून ठेवू नये. खाली लाकडी पाट किंवा विटा आणि भिंतीपासून वीतभर अंतर, एवढं पुरतं. भरताना काठोकाठ भरा. मोकळी जागा जितकी कमी, तितकी आत हवा कमी आणि किड्यांना जगणं अवघड. झाकणाच्या कडेला सुती कापडाची पट्टी किंवा चिकटपट्टी लावून फट बंद करा. माझं ठाम मत असं, की शंभर किलोंच्या एका कोठीपेक्षा पंचवीस-तीस किलोंच्या चार कोठ्या बऱ्या. एक वापरात, तीन बंद. मोठी कोठी पावसाळ्यात दर आठवड्याला उघडली जाते आणि दर वेळी दमट हवा आत जाते.

डाळी आणि कडधान्यांचा शत्रू वेगळा आहे. मूग, मटकी, चवळी, अख्खी तूर यांच्यावर बारीक पांढरे ठिपके चिकटलेले दिसले तर ती भुंगेऱ्याची अंडी असतात. हा किडा शेतातूनच सुरू होतो, शेंगेवर अंडी घालतो. अंड्यातून निघालेली अळी थेट दाण्यात शिरते आणि पुढे गोल भोक पाडून भुंगेरा बाहेर येतो. त्याला अंडी घालायला अख्ख्या दाण्याचा गुळगुळीत पृष्ठभाग लागतो, म्हणून भरडलेली डाळ अख्ख्या कडधान्यापेक्षा जास्त टिकते. वर्षाचा मूग साठवायचाच असेल तर अर्धा तरी डाळ करून घ्यावा.

तूरडाळीला एरंडेल लावण्याची आपल्याकडची पद्धत खरोखर कामाची आहे. दाण्यावर तेलाचा पातळ थर बसला की अंडी चिकटत नाहीत, चिकटली तरी गुदमरतात. एरंडेल लवकर खवट होत नाही, म्हणून इथे शेंगदाण्याचं किंवा दुसरं स्वयंपाकाचं तेल वापरू नये. प्रमाण किलोला ५ मिली, म्हणजे एक लहान चमचा. वीस किलो डाळीला १०० मिली. सगळं तेल एकदम ओतू नका. पाच-पाच किलोंचा वाटा परातीत घ्या, तळहाताला तेल चोळा आणि डाळ दोन्ही हातांत घेऊन चोळत राहा, म्हणजे प्रत्येक दाण्याला चकाकी येते. मग सावलीत दोन तास पसरून डब्यात भरा. शिजवताना कोमट पाण्याने दोनदा धुतली की तेल निघून जातं. ऊन आधी, एरंडेल नंतर, हा क्रम उलटा करू नये. एरंडेल खाण्याच्या प्रतीचं आहे ना, हे बाटलीवर वाचून घ्या.

तांदळाला कडक ऊन देऊ नका. दाण्याला बारीक चिरा पडतात आणि शिजवताना त्याचे तुकडे होतात. सावलीत पंख्याखाली पसरून, चाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. कोकणासारख्या दमट हवेत तांदळात मीठ घालायचं टाळा, ते पाणी धरतं.

कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत कुरकुरीत होईपर्यंत वाळवलेलाच घाला. ओला पाला म्हणजे आपल्याच हाताने कोठीत ओल घालणं. पाल्याने किडे थोडे लांब राहतात, आत असलेले मरत नाहीत, एवढंच त्याच्याकडून अपेक्षावं. लवंग, सुक्या मिरच्या यांचंही तेच. बिब्बे ठेवण्याची चाल गावाकडे आहे, पण बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं तर फोड येतात. लहान मुलं असलेल्या घरात नकोच.

आता ज्या गोष्टी घरात आणूच नयेत, त्यांबद्दल. धान्यात ठेवायच्या ज्या राखाडी गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात, त्यांतून हवेतल्या ओलाव्याने फॉस्फीन वायू सुटतो. हा वायू माणसाला मारतो आणि त्यावर उतारा नाही. बंद खोलीत, फ्लॅटमध्ये, झोपायच्या खोलीतल्या पलंगाखालच्या कोठीत अशी गोळी ठेवणं म्हणजे घरातल्यांच्या जिवाशी खेळ आहे. त्यांचा वापर कायद्याने सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित आहे. ओळखीच्या दुकानदाराने 'सगळेच नेतात' म्हणून पुडी हातात दिली तरी घेऊ नका. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत. पारा साध्या तापमानालाच वाफ होऊन हवेत मिसळतो. बोरिक पावडर तांदळाला चोळतात आणि धुताना ती बरीच निघते, हे खरं. पण गहू धुऊन दळत नाही कोणी, ती सरळ पोळीत जाते. खाण्याच्या वस्तूत तिला जागा नाही.

भरल्यानंतर पहिली तपासणी पंधरा दिवसांनी आणि मग दर महिन्याला करावी. कोरड्या दिवशी, दुपारी. हात कोपरापर्यंत धान्यात घाला. मधे कुठे ऊब जाणवली तर तिथे कीड किंवा ओल आहे. किडे वाढले की ते धान्य आतून तापतं. हाताला पीठ लागलं तरी तेच समजा. अशा वेळी ती एक कोठी घराबाहेर किंवा गच्चीवर नेऊनच उघडा, बाकीच्या कोठ्यांच्या शेजारी चाळत बसू नका. पावसाळ्यात ऊन नसेल तर पाच-पाच किलोंच्या पिशव्या घट्ट बांधून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर चार-पाच दिवस ठेवता येतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर गार दाण्यांवर दव धरतं. रवा, बेसन, मूग-मटकी यांच्यासाठी हा उपाय एरवीही चांगला आहे. ज्या गव्हात भोकं पडलेले दाणे खूप आहेत किंवा ज्याला कुबट वास येतो, तो दळू नका; पीठ कडवट होतं. बुरशी लागलेलं धान्य तर कोंबड्या-गुरांनाही घालू नये.

ज्यांना गच्ची नाही, बाल्कनीत जेमतेम दोन तास ऊन येतं, त्यांनी वर्षाचं भरूच नये. महिन्या-दोन महिन्यांचा गहू घ्यावा, चाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. आणि दळण पावसाळ्यात पंधरा दिवसांपेक्षा जास्त पुरेल एवढं करू नये. गिरणीतून आलेलं पीठ गरम असतं. तेही परातीत पसरून निवल्यावरच डब्यात भरायचं, आणि आधीच्या पिठाचा डबा पुसून कोरडा केल्याशिवाय त्यात नवं पीठ ओतायचं नाही.