आईचं पोटॅशियम २.८ वर आलं तेव्हा

पायांवरच्या सुजेसाठी आईला फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवी जास्त होण्याची गोळी सुरू होती. सूज उतरली, पण अंगातलं त्राणच गेलं. लोकमान्यनगरातल्या आमच्या घराचा एक जिना चढताना तिच्या मांड्या भरून यायच्या, रात्री पोटऱ्यांत गोळे. सगळ्यांनी वयावर ढकललं. रक्त तपासलं तर पोटॅशियम २.८, हवं साधारण ३.५ ते ५. या गोळीने लघवीवाटे पोटॅशियमही जातं आणि ते फार उतरलं की हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढला. पोटॅशियमचं औषध लिहिण्याआधी क्रिएटिनिनही, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी, पाहिलं. जादा पोटॅशियम बाहेर टाकायचं काम किडनीचं. तीच थकलेली असेल तर हे औषध जिवावर बेतू शकतं.

पोटॅशियम क्लोराइडचं पातळ औषध मिळालं. १५ मिलीत २० मिलिइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक). त्यामुळे घरातला चमचा नाही, झाकणाचं मापच. जेवणानंतर, अर्धा ग्लास पाण्यात, घोट घोट. उपाशीपोटी किंवा पाण्याशिवाय घेतलं तर पोटात आग पडते, मळमळतं. चव खारट-कडवट, आई तोंड वाकडं करायची. गार पाण्यात घालून दिलं तेव्हा जरा सुसह्य झालं.

खरं जपायचं ते इतर औषधांना. आईची रक्तदाबाची टेल्मिसार्टन पोटॅशियम शरीरात धरून ठेवते. स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची दुसरी एक गोळीही तेच करते. मामीने प्रेमाने आणलेल्या कमी सोडियमच्या मिठाचं पाकीट उलटून वाचलं, तर त्यातही पोटॅशियम क्लोराइड! ते मीठ त्याच दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर गेलं. नारळपाणीही डॉक्टरांना विचारूनच.

पुढच्या तपासणीत आकडा ४.१ आला. नंतर सूज आटोक्यात राहिली म्हणून फ्युरोसेमाइड अर्ध्यावर आणली. मी तिथल्या तिथे विचारलं, मग पोटॅशियमचं काय? डॉक्टरांनी ते बंदच केलं. हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा असं मला अगदी कळकळीने वाटतं. एक औषध कमी होतं, त्याच्या जोडीचं सवयीने चालू राहतं, आणि वाढलेलं पोटॅशियम पुष्कळदा काहीच न जाणवता थेट हृदयावर येतं.

उरलेली बाटली शेजारच्या काकूंनी मागितली. त्यांच्याही पायांत गोळे येतात. पण त्यांना मधुमेह आहे आणि किडनीची तपासणी कधी केलेलीच नाही. बाटली मी दिली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना रक्त द्यायला लॅबमध्ये घेऊन गेले.