राजमा शिजेना: कमी खर्चात घरी पौष्टिक जेवण करण्याचा माझा अनुभव

कमी खर्चात पौष्टिक जेवण घरी कसे करावे हे सांगणारे लेख कडधान्यापाशी आले की एका ओळीत आटोपतात: रात्रभर भिजवा आणि मऊ होईपर्यंत शिजवा. या ‘मऊ होईपर्यंत’ने मला जितके छळले तितके या खटाटोपातल्या दुसऱ्या कशानेही छळले नाही. दाणा मऊ झालाच नाही तर पुढे काय करायचे, हे त्यांपैकी कोणीही सांगत नाही, आणि ज्याला पैसे वाचवायचे आहेत त्याचा जीव नेमका तिथेच टांगणीला लागतो.

बाकीचे सारे फारसे अवघड नव्हते. बाहेरचे खाणे बंद केले, आठवड्याचा बेत आधी ठरवून त्यानुसार यादी केली, लवकर सुकणाऱ्या पालेभाज्या आठवड्याच्या सुरुवातीला आणि कोबी, गाजर, भोपळा यांसारख्या टिकाऊ भाज्या शेवटी असा क्रम लावला, आणि फेकून दिले जाणारे अन्न जवळजवळ थांबले. प्रश्न उरला प्रथिनांचा. किलोचा दर पाहून स्वस्त-महाग ठरवण्याची सवय मी सोडली आणि तेवढ्याच पैशांत किती ग्रॅम प्रथिने हाती येतात याचा हिशेब मांडला, तेव्हा सुक्या कडधान्यांपुढे काहीच टिकेना. १०० ग्रॅम कोरड्या कडधान्यात साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिने असतात, शिवाय भरपूर तंतू आणि लोह, आणि शिजल्यावर वजन दुपटीहून अधिक होते. ठेवायला फ्रीजही लागत नाही. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि ते कडधान्यात मुबलक असते, तर कडधान्यात कमी पडणारे मिथिओनिन धान्यातून मिळते, त्यामुळे दोन्ही दिवसभरात कधीही पोटात गेली की एकमेकांची उणीव भरून काढतात. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ हे वर्ष आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष म्हणून पाळले, त्यामागेही पोषण आणि परवडणे हीच कारणे होती. हे सारे खरेच आहे; फक्त ते दाणा शिजला तरच खरे आहे.

मोठी पिशवी घेतली तर दर बराच कमी पडत होता, म्हणून राजमा घाऊक आणला. रात्री निवडून, धुऊन, भरपूर पाण्यात भिजवला. सकाळी बहुतेक दाणे टपोरे फुगलेले होते, पण तळाशी मूठभर दाणे जसेच्या तसे, लहान, गुळगुळीत आणि खड्यासारखे टणक होते. हे गणंग वेचून काढले आणि उरलेले कुकरमध्ये लावले. नेहमीच्या शिट्ट्या झाल्यावर झाकण उघडले तर काही दाण्यांची साल फुटून पाणी गढूळ झाले होते, पण दाणा चिमटीत धरून दाबला की तो चिरडण्याऐवजी दोन कडक फाकांत सुटत होता. आणखी शिट्ट्या केल्या, पुन्हा पाणी घातले, पुन्हा शिट्ट्या केल्या. शेवटी सालींचा लगदा झाला, आणि गर मात्र दाताखाली कचकच लागतच राहिला. जेवढे कडधान्यात वाचवले होते तेवढे इंधनात चालले आहे, हे मला कुकरसमोर उभे राहून स्पष्ट दिसत होते.

सल्ल्यांची उणीव नव्हती. कोणी म्हणाले, मीठ आधी घातल्यामुळे दाणा कडक होतो. कोणी म्हणाले, पाणी गरम हवे. कोणी म्हणाले, आच मंद ठेवा. कोणी म्हणाले, आणखी एक रात्र भिजवा. यातला प्रत्येक सल्ला मी पाळून पाहिला, आणि त्याच पिशवीतला दाणा दरवेळी तितकाच हट्टी निघाला. राग येतो तो याचा की, दोष शिजवणाऱ्याच्या हातात नसून दाण्यातच असू शकतो, ही साधी शक्यता कोणीही बोलून दाखवली नाही.

नंतर शोधून वाचल्यावर कळले की, हे दोन वेगळे दोष आहेत आणि आपण ते एकत्र करून बसतो. पहिला गणंगांचा: त्यांच्या सालीतून पाणी आतच शिरत नाही, म्हणून ते फुगत नाहीत, आणि ते ओळखणे सोपे असते. दुसरा अधिक फसवा आहे. त्यात दाणा पाणी पितो, फुगतो, अगदी निरोगी दिसतो, पण शिजत नाही. कडधान्य उष्ण आणि दमट जागेत दीर्घकाळ साठवले की हे घडते. दाण्यातील फायटेट हळूहळू विघटित होते, त्याने धरून ठेवलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मोकळे होतात, आणि ते पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणाऱ्या पेक्टिनशी जोडले जातात. एरवी शिजताना हे पेक्टिन विरघळते आणि पेशी सुट्या होतात, म्हणून दाणा मऊ लागतो. कॅल्शियमने बांधले गेलेले पेक्टिन मात्र सहजी विरघळत नाही. एकदा असा झालेला दाणा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. घाऊक दर इतका आकर्षक का होता, याचा अंदाज मला तेव्हा आला. पिशवीवर वेष्टनाची तारीख असते, पण पीक कधी निघाले आणि ते आधी कोणत्या गोदामात किती उन्हाळे पडून होते, हे त्यावर लिहिलेले नसते.

कारण समजल्यावर उपायही आपोआप जुळत गेले. मिठाबद्दलचा सल्ला तर चक्क उलटा होता. भिजवण्याच्या पाण्यात मीठ घातले, लिटरभर पाण्याला साधारण १५ ग्रॅम, तर त्यातील सोडियम सालीतल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची जागा घेते आणि साल लवकर मऊ पडते. ते पाणी पुढे ओतून द्यायचे असते. थोडे मीठ दाण्यात उतरतेच, म्हणून नंतर मीठ घालताना हात आखडता घ्यावा, कारण जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला सांगितलेली मर्यादा ५ ग्रॅमपेक्षा कमी आहे. पाणी जड असेल, म्हणजे भांड्यांवर पांढरा थर धरणारे असेल, तर त्यातले कॅल्शियम दाणा आणखी आवळून धरते. अशा ठिकाणी भिजवण्यासाठी आणि शिजवण्यासाठी मृदू किंवा गाळणयंत्राने मृदू केलेले पाणी मिळाले तर फरक पडतो. चिमूटभर खाण्याचा सोडा घातल्यास पाणी अल्कधर्मी होऊन पेक्टिन लवकर सुटते, हा उपाय सर्वांत परिणामकारक ठरला. मात्र सोड्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते आणि तो जास्त झाला तर साबणासारखी चव येते, म्हणून मी तो फक्त जुन्या दाण्यासाठी राखून ठेवला आहे.

याच्या नेमके उलट काम आंबटपणा करतो. टोमॅटो, लिंबू किंवा व्हिनेगर सुरुवातीलाच घातले तर पेक्टिन विरघळण्याचा वेग मंदावतो आणि ताजा दाणाही अर्धवट राहतो. वेळ वाचावा म्हणून कांदा, टोमॅटो आणि कडधान्य एकाच भांड्यात चढवण्याची जी पाककृती सर्वत्र सांगितली जाते, ती जुन्या दाण्याच्या बाबतीत हमखास फसते. मी आता रस्सा वेगळा करते आणि दाणा चिमटीत सहज चिरडला जाईपर्यंत टोमॅटो त्याच्या जवळपासही येऊ देत नाही.

इंधन वाचवण्याच्या मोहापायी एक गोष्ट मात्र करू नये, आणि ती इथेच सांगितली पाहिजे. राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे विषारी द्रव्य असते. कच्चे चार-पाच दाणेही उलट्या आणि जुलाब होण्यास पुरेसे असतात. हे द्रव्य पाणी खळखळ उकळल्यावरच निष्प्रभ होते. ८० अंशांसारख्या कमी तापमानात दाणे न उकळता नुसते शिजत राहिले तर विषारीपणा कमी होण्याऐवजी वाढू शकतो. म्हणून राजमा किमान पाच तास भिजवावा, ते पाणी फेकावे, आणि ताज्या पाण्यात आधी कडकडीत उकळू द्यावा. १० मिनिटांत काम होते असे सांगितले जाते, पण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला ३० मिनिटांचा आहे आणि मी तोच पाळते. मंद तापमानावर रात्रभर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट घालावा असे सुचवणाऱ्या पाककृती वाचल्या की माझा संयम सुटतो. कुकरमध्ये दाबामुळे तापमान १२० अंशांच्या आसपास जाते, त्यामुळे तिथे ही चिंता उरत नाही.

उघड्या भांड्यात शिजवत असाल तर इंधनाची खरी बचत उकळी आल्यानंतर होते. पाणी जोरात उकळले काय आणि जेमतेम उकळले काय, तापमान तेवढेच राहते. मोठी आच ठेवल्याने केवळ वाफ अधिक उडते. राजम्याची सुरुवातीची ती मिनिटे सोडली, तर नंतर झाकण ठेवून आच अगदी बारीक करावी. उंच डोंगराळ भागात मात्र पाणी १०० अंशांच्या खालीच उकळते, त्यामुळे तिथे कुकरला पर्याय नाही.

आता मी कोणतेही कडधान्य घाऊक घेण्याआधी पावशेर आणून त्याची परीक्षा घेते. मूठभर दाणे साध्या पाण्यात रात्रभर भिजवायचे, गणंग किती निघतात ते पाहायचे, आणि उरलेले मीठ, सोडा किंवा आंबट काहीही न घालता शिजवून पाहायचे. ते नेहमीच्या वेळेत मऊ झाले तरच मोठी पिशवी घ्यायची, आणि तीही ज्या दुकानात माल लवकर खपतो तिथूनच. घरी आणल्यावर डबा घट्ट झाकणाचा हवा आणि तो शेगडीजवळ, फ्रीजच्या मागे किंवा उन्हाच्या भिंतीला टेकून ठेवू नये, कारण ऊब आणि दमट हवा दाण्याला घरातही म्हातारा करते. डब्यावर आणल्याची तारीख लिहिण्याची सवय मला उशिरा लागली, पण तिचा उपयोग मोठा आहे.

भिजवण्याबद्दल एक राहिले. हवा गरम असेल तर रात्रभर ओट्यावर ठेवलेल्या पाण्याला फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. अशा दिवसांत भांडे फ्रीजमध्ये ठेवावे. भिजवायचे विसरलेच, तर दाणे दोन-तीन मिनिटे उकळून, आच बंद करून तासभर झाकून ठेवले तरी चालते. भिजवलेले पाणी टाकले की पोटात वायू धरणाऱ्या शर्करांचा काही भाग त्याबरोबर जातो. थोडी जीवनसत्त्वेही जातात, पण ज्यांना कडधान्य बाधते त्यांनी हा तोटा पत्करावा.

शिजवण्याचा हा उपद्व्याप रोज करणे शक्य नाही, म्हणून मी एकदाच भरपूर शिजवते. शिजलेले दाणे त्यांच्याच थोड्या पाण्यासह पसरट डब्यांत काढून, वाफ गेली की दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये आणि तिथून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवते; एका जेवणाला एक डबा. शिजवलेल्या भातालाही हाच नियम लागू आहे, किंबहुना अधिक कडकपणे, कारण तांदळातील बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि भात तासन् तास ओट्यावर राहिला तर ते वाढून विष तयार करतात, जे पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. पैसे वाचवण्यासाठी उरलेला भात ठेवायचाच असेल तर तो जेवण झाल्या झाल्या उचलावा.

जेवणासोबत लिंबू पिळावे आणि चहा तासभर पुढे ढकलावा, हेही सांगायचे राहून जात होते. कडधान्यातले लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते. क जीवनसत्त्व ते वाढवते आणि चहातील टॅनिन ते अडवते. लिंबू अर्थातच ताटात, भांड्यात नव्हे.

त्या घाऊक पिशवीतला उरलेला राजमा मी फेकला नाही. सोड्याच्या पाण्यात भिजवून, कुकरमध्ये नेहमीपेक्षा बराच वेळ शिजवून, मग वाटून त्याचे दाट सूप केले, कारण वाटल्यावर अर्धवट मऊ दाण्याची तक्रार उरत नाही. चव चांगली झाली, तरी त्या दुकानात मी पुन्हा गेले नाही. ज्यांना एवढा व्याप नको असेल त्यांनी सुरुवात सोललेल्या मसुरीच्या डाळीपासून करावी. तिला भिजवावे लागत नाही, ती २० मिनिटांच्या आसपास उघड्या भांड्यातही शिजते, आणि प्रथिनांच्या हिशेबात ती राजम्याच्या मागे नाही.