रात्रपाळीचं काय?

आज नर्सिंग होममध्ये सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून रक्त फिरतं ठेवायचं, ट्रेनिंग होतं, पुतळ्यावर दाबून दाबून हात अजून दुखतायत. मिनिटाला 100 ते 120 वेळा, छाती 5 ते 6 सेंटीमीटर आत जायला हवी आणि प्रत्येक दाबानंतर पूर्ण वर येऊ द्यायची, ऐकायला सोपं वाटतं पण दोन मिनिटांत भले भले दमतात, म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो.

आणि इथेच माझं डोकं अडकलंय. दिवसा ठीक आहे हो, पण रात्री एका मजल्यावर एकटीच सिस्टर असेल तर बदलायला कोण येणार? तिनेच फोन करायचा, तिनेच एईडी (हृदयाला शॉक देणारं मशीन) आणायचं, तिनेच दाबायचं, आणि बाकीच्या आजीआजोबांकडे कोण बघणार? श्वास थांबल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते, अँब्युलन्स तेवढ्यात येईलच असं नाही.

मऊ गादीवर दाब वाया जातो, पाठीखाली कडक फळी हवी, हे मावशींना आणि वॉर्डबॉयलासुद्धा माहीत पाहिजे, कारण बऱ्याचदा पहिले तेच पोचतात. शिवाय कुणाला सीपीआर नकोय हे आधीच डॉक्टरांशी आणि घरच्यांशी बोलून फाइलमध्ये लिहिलेलं हवं, ऐनवेळी कागद कोण शोधणार!

सर्टिफिकेट दोन वर्षं चालतं पण हात काही महिन्यांतच विसरतात. म्हणून मी मॅडमना सांगितलंय, दर तीन महिन्यांनी थोडा सराव ठेवा, रात्रपाळीच्या वेळेतच ठेवा, आणि रात्री निदान दोघं तरी द्या. मी मागे लागणार आहे.