शेवटचे शंभर फूट

जुहूहून समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्राकडे जाणारी हेलिकॉप्टरं दोन इंजिनांची असतात. शिकाऊ पायलटचा हात मात्र जगभर बहुधा रॉबिन्सन आर-22 सारख्या एका इंजिनाच्या मशीनवर बसतो. इंजिन क्वचितच बंद पडतं, पण ते बंद पडल्यावर काय करायचं याचा सराव करताना बरीच मशीन मोडतात, हे कंपनीनेच सेफ्टी नोटीस 38 मध्ये लिहून ठेवलंय.

सराव असा: थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी मूठ, कमी करायचा; कलेक्टिव्ह, म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा, लगेच पूर्ण खाली; वेग साधारण 65 नॉट (ताशी सागरी मैल). खालून येणाऱ्या हवेवर रोटर, म्हणजे डोक्यावरचा पंखा, फिरत राहतो. आर-22 ची पाती हलकी, त्यामुळे कलेक्टिव्ह खाली यायला जरा उशीर झाला की आरपीएम, म्हणजे रोटर फिरण्याचा वेग, भराभर पडतो. 97 टक्क्यांना इशाऱ्याचा हॉर्न वाजतो. 80 टक्क्यांच्या आसपास पाती स्टॉल झाली, म्हणजे त्यांची उचल गेली, की मग हातात काही उरत नाही. न सांगता थ्रॉटल बंद करून विद्यार्थ्याची परीक्षा घेणारा इन्स्ट्रक्टर म्हणूनच मला अजिबात पटत नाही.

खरा निर्णय 100 फुटांवर. आरपीएम मीटरवरच्या हिरव्या (सुरक्षित) पट्ट्याच्या मध्यावर, वेग 60 ते 70 नॉट, उतरण्याचा दर मिनिटाला 1500 फुटांच्या आत आणि वळण पूर्ण झालेलं. यातलं एकही नसेल तर सराव सोडून तिथेच इंजिनाची पॉवर घ्यायची. ‘होईल सरळ’ म्हणत पुढची दोन सेकंदं दिली, की संपलं.

सुमारे 40 फुटांवर फ्लेअर, म्हणजे नाक वर करून वेग मारणं. उशिरा केला तर शेपूट आपटते. लवकर केला तर वेग वरच संपतो आणि मशीन धपकन खाली येतं. पॉवर घेऊन सावरायचं असेल तर आधी थ्रॉटल देऊन इंजिन आणि रोटरचे काटे जुळवायचे, मग कलेक्टिव्ह. उलट केलं की आरपीएम पडतो. पॉवर येताच नाक उजवीकडे पळतं, तेव्हा डावं पेडल हवंच, नाहीतर स्किड, म्हणजे चाकांऐवजी खाली असलेली पट्टी, आडवी टेकते आणि मशीन कलंडतं.

मुंबईसारख्या ठिकाणी आणखी एक भानगड: मे महिन्यात 35 अंशाला समुद्रसपाटीवरची हवा जवळपास 2400 फुटांवरच्या हवेइतकी विरळ वागते, दमटपणा वेगळाच. उतरणं जलद आणि फ्लेअर कमजोर. सकाळी जमलेला फ्लेअर दुपारी त्याच उंचीवर पुरेलच असं नाही.

जोरात आपटल्यावर पाती खाली वाकून शेपटीचा दांडा कापू शकतात. तसं नाही झालं आणि मशीन बाहेरून धड दिसलं, तरी इंजिनिअरने स्किडच्या आडव्या नळ्या तपासेपर्यंत ते जागचं हलवायचं नाही.