सभागृहातली 31 मीटर वायर

व्याख्यानमालेच्या पहिल्याच संध्याकाळी वक्ते किल्ल्यांचे फोटो दाखवत होते आणि आमच्या वाचनालयाच्या सभागृहातला पडदा तीनदा काळा झाला. दोन-तीन सेकंद अंधार, मग चित्र परत. मधेमधे पांढरे ठिपके चमकायचे. पुढच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "अहो, प्रोजेक्टर बदला." प्रोजेक्टर नवाकोरा होता. घोळ केबलचा होता, आणि तो निस्तरायला चार महिने गेले. त्यातले निम्म्याहून जास्त एकाच दुकानाच्या पायऱ्या झिजवण्यात. त्याचा राग अजून जात नाही.

स्टेजपासून प्रोजेक्टर सरळ रेषेत 14 मीटर. पण वायर भिंतीतून वर जाते, छताच्या कडेने वळते, मग मध्यावर येते. दोरी लावून मोजलं तर 31 मीटर भरलं. आधी कुणी मोजलंच नव्हतं. वायरमनने 20 आणि 15 मीटरच्या दोन एचडीएमआय केबल (लॅपटॉपचं चित्र प्रोजेक्टरला नेणाऱ्या) कपलरने, म्हणजे जोडणाऱ्या तुकड्याने, जोडून पाइपातून ओढल्या होत्या. साधी तांब्याची एचडीएमआय फुल एचडीला 10 मीटरपर्यंत बिनघोर चालते, 15 ला केबल कशी आहे त्यावर, आणि त्यापुढे सिग्नल दमतो. वर मधे जोड. लॅपटॉपचं रिझोल्यूशन 720 वर आणलं की चित्र एकदम स्थिर व्हायचं. डेटा कमी झाला की केबल तग धरते, म्हणजे दुखणं तिथेच. तुमच्याकडे पडदा लुकलुकत असेल तर आधी एवढं करून बघा, फुकट आहे.

फायबरची, म्हणजे काचेच्या तंतूतून प्रकाशाने सिग्नल नेणारी, एचडीएमआय घ्यावी असं वाटलं होतं. ती 30 मीटरला आरामात चालते. पण तिची टोकं कारखान्यातूनच बसवलेली येतात, आणि आमच्या अरुंद पाइपाच्या दोन एल्बोमधून ते डोकं जाईना. शिवाय तिला दिशा असते. लॅपटॉपचं टोक प्रोजेक्टरला लागलं की काही दिसत नाही. म्हणून एचडीबेसटी पद्धतीचा एक्स्टेंडर, म्हणजे सिग्नल लांब नेणारी डब्यांची जोडी, ठरवला: स्टेजवर एक डबी, प्रोजेक्टरपाशी दुसरी, मधे कॅट सिक्स, म्हणजे इंटरनेटच्या जोडणीला वापरतात ती आठ तारांची वायर. 100 मीटरपर्यंत फुल एचडी जातं आणि प्लग वायर ओढून झाल्यावर क्रिम्प करता, म्हणजे दाबून बसवता, येतात.

गावातल्याच दुकानातून कॅट सिक्स घेतली. खोक्यावर 'प्युअर कॉपर' छापलेलं. ओढली, क्रिम्प केली, आणि डब्यांची जोडणी झाल्याचं दाखवणारा लिंकचा दिवा लागे-विझे. दुकानदार म्हणाला, एक्स्टेंडर खराब. तो बदलून यायला तीन आठवडे. तेच. मग म्हणाला, क्रिम्पिंग चुकलंय. दोन्ही टोकांचे प्लग तोडून नव्याने बसवले. केशरी-पांढऱ्यापासून तपकिरीपर्यंत रंगांचा क्रम तीनदा ताडून पाहिला. तेच. मग, प्रोजेक्टरच दाखवून आणा. प्रत्येक वेळी वर हे ऐकवायचं, "सगळं गाव आमच्याकडूनच नेतं." माझे शनिवार असेच गेले.

एका रात्री वाचनालयाच्या टेबलावर उरलेला तुकडा सोलला आणि आतली तार ब्लेडने खरवडली. तांबूस साल निघाली, खाली पांढरी चकचकीत तार. अ‍ॅल्युमिनियम! वरून नुसता तांब्याचा मुलामा. दोन-चारदा वाकवली तर कट्कन तुटली. अ‍ॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि आमच्या वरच्या डबीला वीजसुद्धा याच वायरीतून जायची. दिवा स्थिर राहणार कसा? तुकडा घेऊन दुकानात गेलो तर उत्तर मिळालं, "कापलेला माल परत घेत नाही." अडीच महिने चुकीच्या जागी शोधायला लावलं त्याबद्दल एक शब्द नाही.

पुढचं काम दोन दिवसांचं. पुण्यात बुधवार पेठेत गेलो आणि पैसे देण्याआधी तार खरवडून बघायची म्हटलं. दुकानदाराने स्वतःच ब्लेड पुढे केलं. आतपर्यंत लाल. 40 मीटर घेतली. या वेळी ओढण्याआधी सगळी केबल सभागृहात जमिनीवर पसरली, दोन्ही डब्या जोडल्या आणि तासभर व्हिडिओ चालवला. हे पहिल्यांदाच करायला हवं होतं.

हो, केबल एका डबीतून थेट दुसऱ्या डबीत जाऊ द्या, मधे इंटरनेटचा स्विच नको. स्टेजच्या दिव्यांच्या डिमरच्या वायरींपासून ती लांब ठेवा. पाइपात एक नायलॉनची दोरी कायमची सोडून ठेवा, पुढच्या ओढाओढीला उपयोगी पडते.

तेच वक्ते गेल्या रविवारी पुन्हा आले होते. दीड तास फोटो चालले, पडदा एकदाही गेला नाही. मी मागे प्रोजेक्टरखाली उभा राहून हिरव्या दिव्याकडे बघत होतो. तो खरवडलेला तुकडा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय, केबलबद्दल विचारायला कुणी आलं की हातात देतो. आणि एक राहिलंच: बिलावर 'सॉलिड बेअर कॉपर', म्हणजे आतपर्यंत निव्वळ तांबं, असं लिहून घ्या. माझ्या पहिल्या बिलावर नुसतं 'केबल' लिहिलं होतं.